माननीय शिक्षणमंत्री साहेब, आमची पिल्लं उपाशी आहेत

नमस्कार साहेब,

पत्र मराठीत लिहितेय कारण वैताग आला की मला हिंदी सुचत नाही, सगळं आयुष्य ग्वाल्हेरात जाऊनसुद्धा. मुलगी भाषांतर करून देईल.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत आठवीला सायन्स शिकवते. मागच्या महिन्यात लॅबमध्ये प्रोजेक्टर लावून मुलांना वुल्फक्वेस्ट दाखवला, तर वर बोलावणं आलं, मॅडम शाळेत व्हिडिओ गेम? आणि लॅबला कुलूप. अहो हा गेम अमेरिकेतल्या मिनेसोटा झूने एड्युवेब कंपनीसोबत २००७ मध्ये काढला तोच मुळी शिकवण्यासाठी. त्यात तुम्ही लांडगा असता, तिथल्या यलोस्टोन अभयारण्यात वासावरून एल्कचा, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाचा, माग काढायचा, जोडीदार शोधायचा, पिल्लं वाढवायची. आपल्या पुस्तकात गवत, हरीण, वाघ आणि मधे बाण, संपली अन्नसाखळी! इथे आमचा एक पठ्ठ्या सगळ्यात मोठ्या एल्कच्या मागे धावला, दम संपला, वरून लाथा खाल्ल्या आणि मेला. दोनदा मेल्यावर कमजोर जनावर शोधायला लागला, मी एक शब्द बोलले नव्हते.

मग पिल्लांना मांस ओकून भरवायचं आलं. "मॅम, ये तो उल्टी कर रहा है!" वर्गात नुसता गोंधळ. एक मुलगी म्हणाली एल्क के बच्चे को छोड़ दो, तर मागून दुसरी, और अपने बच्चे क्या खाएँगे? घंटा होईस्तोवर भांडल्या. आपण मराठी माणसं लांडगा म्हटलं की लांडगेतोड, नाहीतर लांडगा आला रे आला, आईबाप म्हणून त्याच्याकडे बघितलंय कोणी?

यलोस्टोनचे लांडगे १९२६ पर्यंत माणसांनी मारून संपवले, १९९५ मध्ये कॅनडातून १४ आणून सोडले. ओळखीचं वाटतंय ना? १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियाचे आठ चित्ते आपल्याच ग्वाल्हेरला उतरून हेलिकॉप्टरने कुनोच्या जंगलात गेले, मुलांनी टीव्हीवर विमान बघितलं, बस. चित्ता मुळात संपला कसा, कुनोत तो खाणार काय, हे गेमनंतर पहिल्यांदा विचारलं त्यांनी.

आता गेममध्ये खोट नाही असं नाही. मेला की परत सुरू, आणि तो लांडगा बर्फातला धिप्पाड, आपला माळावरचा बारका, मेंढपाळांच्या शिव्या खाणारा. ते मी सांगते ना वर्गात, पगार कशाचा घेते!

तर एक साधं पत्रक काढा की सायन्सच्या तासाला असे गेम चालतील. नवी आवृत्ती विकतची आहे पण शाळेला एक कॉपी पुरते, मी चालवते आणि मुलं ओरडून डावीकडे-उजवीकडे सांगतात. आणि जमलं तर वनखातं आणि एखादं इंजिनिअरिंग कॉलेज एकत्र बसवून कुनोवर असाच गेम हिंदीत करवून घ्या, चित्ता, चितळ, बिबट्या सगळे टाकून.

पण आधी किल्लीचं बघा. आठवी 'ब'ची चार पिल्लं गुहेत उपाशी आहेत, गेम तिथेच सेव्ह केलाय आणि मुलं रोज विचारतात.

आपली,
आठवीची सायन्सची बाई
लष्कर, ग्वाल्हेर