उंची वाढवणारी पावडर ‘अन्न’ कशी?

मा. संपादक,

आमच्या गल्लीच्या टोकाला भरती अकादमी आहे, त्यामुळे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली माझ्या मेडिकलमध्ये रोज येतात. भरतीत पुरुषांना १६५ आणि महिलांना १५५ सेंटिमीटर उंचीची अट आहे. धावणं, गोळाफेक सरावानं सुधारते. उंची एका सेंटिमीटरनं कमी भरली, तर सगळी मेहनत तिथेच संपते. ही दुखरी नस धरूनच ‘ग्रोथ हार्मोन बूस्टर’ म्हणून पावडरी आणि गोळ्या मोबाइलवरून सर्रास विकल्या जात आहेत.

परवा वीस वर्षांच्या एका मुलानं असा डबा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “ताई, हे दुधातून घ्यायचं की पाण्यातून?” डब्यावर मोजपट्टीशेजारी उभा तरुण, वर जाणारा बाण आणि ‘कोणत्याही वयात उंची वाढवा’ हा दावा. मागे बारीक अक्षरांत अश्वगंधा, आर्जिनिन (एक अमिनो आम्ल), कॅल्शियम, झिंक आणि सर्वांत खाली ‘औषधी उपयोगासाठी नाही’. महिनाभराच्या डब्याला अठराशे रुपये. त्याचे वडील शेतमजुरी करतात.

ग्रोथ हार्मोन, म्हणजे शरीराची वाढ घडवणारं हार्मोन, हे १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखं ते पचून जातं. म्हणून खरं हार्मोन इंजेक्शननंच देतात, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. रुग्णालयात आर्जिनिन शिरेतून देऊन हार्मोनची तपासणी करतात, पण तेवढ्यापुरती पातळी वाढली म्हणून कोणी उंच होत नाही. हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची पट्टी वयात येण्याचा काळ संपता संपता बंद होते. त्यानंतर खऱ्या इंजेक्शननंही उंची वाढत नाही. अंगावर सूज, सांधेदुखी, वाढलेली साखर मात्र मिळते. तरीही मुलं “फरक पडला” म्हणतात. सकाळी उठल्यावरची उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर जास्त भरते, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. कधी मोजलं याकडे कोणाचं लक्ष नसतं.

माझ्या दुकानात शेड्यूल एच-वनच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न देता येणाऱ्या कडक यादीतल्या, प्रत्येक औषधाची नोंद ठेवावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. हा नियम योग्यच आहे. मग हा डबा कोण तपासतं? १९४५ च्या औषध नियमांतील शेड्यूल ‘जे’नुसार कोणत्याही औषधाला मुलांची किंवा मोठ्यांची उंची वाढवण्याचा दावा करता येत नाही. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीतही उंची आहे आणि तिथे जाहिरातीच्या व्याख्येत लेबल व वेष्टनही येतं. पण त्याच कायद्यात औषधाच्या व्याख्येतून ‘अन्न’ वगळलेलं आहे. त्या फटीतून हा धंदा चालतो: परवाना अन्नाचा, दावा औषधाचा.

अन्न म्हटलं तरी सुटका होऊ नये. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पूरक आहारात हार्मोन किंवा स्टेरॉइड मिसळायलाही बंदी आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या पोटात असं स्टेरॉइड गेलं तर वाढीची पट्टी वेळेआधी बंद होऊन त्याची उंची कायमची खुंटू शकते. लेबलावर ते कोणी छापणार नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला तरच कळेल.

आपल्या राज्यात अन्न आणि औषध ही दोन्ही कामं एकाच प्रशासनाकडे आहेत. पुढच्या भरतीआधी त्यांच्या दोन्ही शाखांनी मिळून अशा पावडरींचे नमुने घ्यावेत, ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही घ्यावेत आणि अहवाल नावानिशी जाहीर करावेत. अकादमी चालकांनी आपल्या भिंतींवरची अशा पावडरींची पोस्टर्स उतरवावीत.

आईवडिलांना एक विनंती. मूल वर्गातल्या मुलांपेक्षा फारच मागे राहिलं असेल, वर्षभरात कपडे-चपला आखूड होत नसतील, तर पावडर न आणता बालरोगतज्ज्ञांकडे जा. खरोखर हार्मोनची कमतरता असलेली मुलं असतात आणि त्यांना इंजेक्शनचा उपयोगही होतो, पण तो वाढीच्या पट्ट्या उघड्या असेपर्यंतच. डबे संपवण्यात गेलेली ती दोन-तीन वर्षं कोणत्याही डॉक्टरला परत आणता येत नाहीत.

— एक औषध विक्रेती, बार्शी, जि. सोलापूर