"सर एक मिनिट" म्हणणारं आता कोणी येत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआयमुळे नोकऱ्या जाणार का यावर रोज काहीतरी छापून येतं, पण ज्यांच्या नोकऱ्या शाबूत आहेत त्यांच्या टीमचं काय झालंय त्यावर कोणी बोलत नाही, म्हणून लिहितोय. मी टीम लीड आहे. पूर्वी नवीन पोरं दिवसातून दहादा खुर्ची सरकवत यायची, "सर एक मिनिट, हे बघा ना". वैताग यायचा, खोटं कशाला बोलू. आता सगळे स्क्रीनलाच विचारतात आणि संध्याकाळी चकाचक रिपोर्ट पाठवतात.

परवा अशाच एका रिपोर्टमध्ये टोटल खर्चापेक्षा एका आयटमचा खर्च जास्त होता. विचारलं हे कसं, तर पोरगा म्हणतो "एआयने दिलंय". चिडणार होतो, पण मग वाटलं की आकडा बघून खटकायला जी नजर लागते ती त्याला देणार कोण, ती त्या "एक मिनिट"मध्येच मिळायची ना.

2023 मध्ये कस्टमर सपोर्टच्या 5,000 हून जास्त लोकांवरचा एक अभ्यास आला होता, एआय दिल्यावर कामाचा वेग सरासरी 14 टक्के वाढला, नवख्यांचा तर 34 टक्के, आणि मुरलेल्यांचा जवळपास शून्य. कारण ते एआय याच लोकांच्या ग्राहकांशी झालेल्या जुन्या चॅट्सवरच शिकलेलं, म्हणजे मुरलेल्यांचंच डोकं नवख्यांना वाटून दिलं गेलं (अप्रेजलमध्ये याचे मार्क कुठल्या रकान्यात देतात कोण जाणे).

आणि साहेब लोकांचं वेगळंच. 2025 मध्ये प्रॉक्टर अँड गँबल कंपनीच्या 776 जणांवरच्या प्रयोगात एआय घेतलेला एकटा माणूस एआय नसलेल्या दोघांच्या तोडीस तोड निघाला, एवढं वाचलं की लगेच टीममधली डोकी मोजायला सुरुवात. त्याच प्रयोगात सगळ्यात भारी आयडिया एआय वापरणाऱ्या टीमकडून जास्त आल्या, ते कोणी वाचत नाही.

मी सध्या सोमवारी एक तास लॅपटॉप बंद करायला लावतो, प्रत्येकाने आपल्या रिपोर्टमधला एक आकडा कसा आला ते तोंडी सांगायचं. पहिल्या वेळी कोणी तोंड उघडेना. गेल्या सोमवारी त्याच पोराने माझ्या हिशोबातली चूक काढली, तीही सगळ्यांसमोर. आता वरून विचारणा आलीये की हा तास टाइमशीटमध्ये कशाखाली दाखवायचा.

आपला,
एक टीम लीड