आईंच्या कोपराच्या मापाने बांधलेला ओटा

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

शेवटचं बिल चुकतं केलं तेव्हा "आता आपला हिशोब संपला" असं तुम्ही म्हणालात. पैशांचा संपला असेल. जे पैशांत मोजता आलं नाही त्यासाठी हे पत्र लिहिते आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. जुन्या फ्लॅटचं स्वयंपाकघर नव्याने करायला निघालेल्या घरांना, आमच्या स्वयंपाकघराची आखणी करताना तुम्ही आमच्यासाठी काय केलंत हे कळावं असं मला मनापासून वाटतं. नाव लिहायचं नाही हे तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून लिहीत नाही. साइटवर सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे, मीही तेच म्हणते. आमच्या सासूबाई, म्हणजे आई, मात्र पहिल्या दिवसापासून "अगं पोरी" म्हणत आल्या, आणि तुम्हीही त्यांच्याकडून मॅडम म्हणवून घेतलं नाहीत.

कोथरूडमधली आमची इमारत नव्वदच्या दशकातली. स्वयंपाकघर लांबीला ८ फूट, पलीकडे १० फुटांची जेवणाची खोली, दोन्हींची रुंदी साडेअकरा फूट आणि मध्ये विटांची भिंत. ती काढून मधोमध आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा, करायचं, एवढं घरात ठरलं होतं. तुमच्याआधी मॉड्युलर किचनच्या एका दुकानाने संगणकावर चित्र काढून दिलं होतं: ७ फूट लांब, ३ फूट रुंद पांढराशुभ्र ओटा, त्यात चार बर्नरचा हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, आणि सिंक, वर छताला टांगलेली चिमणी, समोर तीन उंच स्टुलं. घर बघायला मात्र त्यांच्याकडून कोणी आलं नाही. मापं फोनवर विचारली, तेवढीच.

तुम्ही ते चित्र नीट पाहिलंत, घडी करून बाजूला ठेवलंत आणि विचारलंत, "पोळ्या कोण लाटतं?"

आई लाटतात. त्यांची उंची ४ फूट १० इंच, माझी ५ फूट ५. तुम्ही टेप काढलीत, आम्हा दोघींना अनवाणी उभं केलंत, हात कोपरात दुमडायला सांगितलंत आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची लिहून घेतलीत. आईंचं कोपर ३६ इंचांवर. मग जुन्या ओट्याची उंची मोजलीत, ३४ इंच, आणि त्यावर आईंचा पोळपाट ठेवलात. तो २ इंच उंच. म्हणजे आईंची लाटायची जागा बरोबर त्यांच्या कोपराला येत होती. "आई, लाटताना तुम्हाला खांदे वर उचलावे लागत असणार. संध्याकाळी मान आणि खांदे दुखतात का?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा आई माझ्याकडे बघायला लागल्या. ते दुखणं आम्ही सगळ्यांनी वयाच्या खात्यात टाकलं होतं. त्याच्यावर मलम होतं, शेक होता, व्यायाम होते. ओट्याची उंची आजवर कुणी मोजली नव्हती.

जोर लावून करायच्या कामाला, म्हणजे कणीक तिंबायला, पोळी लाटायला, हात कोपराच्या चार ते सहा इंच खाली चालावा लागतो, हे तुम्ही आईंनाच समजावून सांगितलंत. अमेरिकेत ओट्याची ठरलेली उंची ३६ इंच आहे, आपल्याकडे गवंडी सवयीने ३३-३४ धरतात, आणि दोन्ही ठिकाणी उभं राहणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही, असं तुम्ही म्हणालात. एका घरात सात इंचांचा फरक असलेल्या दोन बायका स्वयंपाक करत असतील तर त्यांना दोन उंचीचे ओटे हवेत. आमच्या घरात मधला ओटा कशासाठी असावा, याचं उत्तर मला तिथे मिळालं. भिंतीकडचा ओटा ३५ इंच, माझ्यासाठी. मधला ३० इंच, आईंसाठी. त्यावर पोळपाट ठेवला की ३२, त्यांच्या कोपराच्या चार इंच खाली.

३० इंच म्हणजे जेवणाच्या टेबलाचीही उंची. त्यामुळे उंच स्टुलं गेली आणि घरातल्याच साध्या खुर्च्या कामाला आल्या. आईंचे गुडघे त्यांना फार वेळ उभं राहू देत नाहीत. आता त्या लाटायला उभ्या राहतात, पण मेथी निवडायला, मटार सोलायला, लसूण सोलायला बसतात. खुर्चीवर बसलं की त्यांचे पाय अधांतरी राहतात, हे लक्षात घेऊन तुम्ही खाली पाय टेकायला आडवी नळी लावून घेतलीत. आणि काम चालू असताना तुम्ही आईंना फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराची गोष्ट सांगितलीत, ती त्या अजून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी १९२६ साली तिथल्या कामगार वसाहतींसाठी केलेल्या त्या छोट्याशा स्वयंपाकघरात खिडकीखाली बसून काम करायची जागा आणि फिरतं स्टूल होतं. आईंचं लहानपण चुलीपुढे पाटावर आणि विळीपुढे बसण्यात गेलं, त्यामुळे बसून काम करणं म्हणजे आळस, असं त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. उभा ओटा आला आणि बसायची सोय गेली. ती त्यांना तुम्ही परत दिलीत.

मग रुंदीचा हिशोब. तो मी इथे सविस्तर लिहिते, कारण माझ्या ओळखीतले बहुतेक लोक इथेच फसतात. खोली साडेअकरा फूट, म्हणजे १३८ इंच. भिंतीकडचा ओटा २४. उरले ११४. मधला ओटा ३ फूट रुंद केला तर दोन्ही बाजूंना ३९-३९ इंच राहतात. तुम्ही तो ३० इंचांवर आणलात आणि दोन्हीकडे ४२ इंच वाट सोडलीत. अमेरिकेतले स्वयंपाकघराचे जाणकार एका माणसाला ४२ आणि दोघांना ४८ इंच जागा सांगतात, पण आम्हाला ४२ का पुरेल तेही तुम्ही दाखवलंत: आम्ही दोघी पाठीला पाठ लावून त्या वाटेत उभ्या राहणारच नाही. आई पलीकडच्या बाजूला, तोंड माझ्याकडे. मी गॅसपाशी, पोळी घ्यायला वळले की समोर आई. फ्रिज वाटेच्या बाहेरच्या टोकाला, म्हणजे पाण्याची बाटली घ्यायला आलेला मुलगा उकळत्या कढईच्या आणि माझ्या मधून जात नाही.

त्या ३० इंचांतले १२ इंच माझ्या बाजूला ड्रॉवर आणि कप्पे, १८ इंच आईंच्या बाजूला गुडघ्यांसाठी मोकळे. ग्रॅनाइट १८ इंच अधांतरी सोडता येत नाही, म्हणून लोखंडी चौकोनी पाइपची फ्रेम करून ती जमिनीत पक्की केलीत. फॅब्रिकेटर म्हणत होता दोन ब्रॅकेट पुरतील. तुम्ही त्याला दगडाचं वजन करून दाखवलंत: ५ फूट बाय अडीच फूट, २० मिलिमीटर जाडी, ६० किलोंच्या वर. त्यात कणीक तिंबणारे दोन्ही हात टेकणार आणि सणावाराला कोणी तरी मूल वर चढून बसणार. फ्रेमच झाली.

भिंत पाडण्याच्या बाबतीत तुम्ही जी घाई केली नाहीत, त्यासाठी आमच्या सोसायटीनेही तुमचे आभार मानायला हवेत. ती भिंत भार घेणारी नाही हे तुम्हाला दिसत होतं, तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी हातात येईपर्यंत हातोडा लागू दिला नाहीत. वरचा बीम जसाच्या तसा ठेवलात. तो झाकायला फॉल्स सीलिंगही सुचवलं नाहीत.

भिंत गेल्यावर सुतारकाम सुरू व्हायच्या आधी तुम्ही आमचं जुनं जेवणाचं टेबल मधल्या ओट्याच्या जागी आणून ठेवलंत आणि म्हणालात, "आता यावर रोजचा स्वयंपाक करा." ते टेबल ३० इंच उंच होतंच. आम्ही त्यावर पोळ्या लाटल्या, डबे भरले, एका चतुर्थीला मोदक वळले. फ्रिजचं दार पूर्ण उघडताना कोपरा अडतो हे तेव्हा समजलं, आणि टेबल थोडं सरकवून ती अडचण मिटली. जमिनीवर खडूने नव्या खुणा केल्या, त्याच शेवटपर्यंत राहिल्या. याला एक रुपयाही लागला नाही. घर नव्याने करणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं असं मी आता हक्काने सांगते.

हॉब आणि सिंक मधल्या ओट्यावर का नकोत, हे तुम्ही ज्या धीराने समजावलंत ते मला फार भावलं. माझ्या मिस्टरांना हॉब तिथेच हवा होता. तुम्ही त्यांना खिडकी उघडून आणि पंखा लावून फोडणी घालायला लावलीत. मोहरीचा, मिरचीचा धूर भिंतीपाशी वर जातो. खोलीच्या मध्ये मात्र चारी बाजूंचा वारा त्याला ओढतो, आणि मग छताला टांगलेल्या चिमणीला फार मोठी ताकद लागते. गॅसची नळी फरशीखाली गाडून नेणं तर तुम्हाला अजिबात मान्य नव्हतं. ती डोळ्यांसमोर आणि हाताशी हवी. आणि ज्या बाजूला मूल बसून अभ्यास करणार तिकडे तडतडणारं तेल नको. सिंकचं कारण त्याहून सोपं होतं. सांडपाण्याच्या पाइपला उतार द्यायचा तर फरशी चार-पाच इंच उचलावी लागली असती. म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आईंच्या स्वयंपाकघरात कायमची एक पायरी. शिवाय कधी गळलं तर खालच्या मजल्यावरच्यांचं छत भिजणार. तुमचं बोलणं संपेपर्यंत मिस्टरांनीच चित्रातल्या हॉबवर काट मारली होती.

दगडाबद्दल थोडं. पांढरा संगमरवर आम्हा सगळ्यांना आवडला होता. तुम्ही दुकानातून त्याचा तुकडा आणून त्यावर लिंबाची फोड ठेवलीत. सकाळी तिथे चमक उडालेला गोल डाग होता. आमच्या घरात रोज लिंबू, चिंच, आमसूल, ताक. संगमरवरातल्या चुन्याला आंबट सोसत नाही. क्वार्ट्झमध्ये राळ असते, त्यावर तापलेली कढई टेकवायची नाही आणि हळद सांडली तर लगेच पुसायची, हेही सांगितलंत. शेवटी काळा ग्रॅनाइट. खरखरीत लेदर फिनिश तुम्हाला स्वतःला पसंत होतं. पण आईंची नारळाची खवणी रबरी बुडाची आहे, ती गुळगुळीत दगडालाच चिकटून राहते, हे बघितल्यावर तुम्ही आपली पसंती सोडून पॉलिशचा दगड घेतलात. एका खवणीसाठी! त्या दिवशी मी आईंना म्हटलं, हे काम योग्य माणसाच्या हातात आहे.

बाकीच्या गोष्टी तशा लहान, पण रोज हाताखाली येतात. पोळपाट-लाटणं उभं ठेवायची फट. मिक्सरसाठी १६ अँपिअरचं सॉकेट माझ्या बाजूला, मुलाच्या हाताला लागणार नाही असं. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र सगळ्यात खाली, आणि आईंच्या रोजच्या वस्तू कंबरेच्या उंचीला. कोपरे गोल केलेले. प्लायवर आयएस ७१०चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का आहे की नाही हे तुम्ही टेम्पोतून उतरवतानाच तपासलंत आणि शिक्का नसलेला एक ताव परत पाठवलात. सुतारकाकांनी तेव्हा कुरकुर केली होती, पण पुढे तेच आमच्या शेजाऱ्यांना शिक्का बघून प्लाय घ्यायला सांगताना मी ऐकलं.

एक गोष्ट तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, ती मी लिहिते. तुमची फी कामाच्या खर्चाच्या टक्क्यांवर ठरली होती. ७ फुटांचा ओटा ५ फुटांवर आणताना, टांगलेली चिमणी, मधलं सिंक, स्टुलं कमी करताना, फॉल्स सीलिंग टाळताना दर वेळी तुमचेच पैसे कमी होत होते. तुम्ही तरीही कमी करत गेलात. इतक्या सरळपणे वागणारं माणूस घराच्या कामात भेटणं किती दुर्मीळ आहे, हे ज्यांनी घर दुरुस्तीला काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आईंचे खांदे आता कमी दुखतात. पूर्ण थांबलं म्हणणार नाही, पण रात्रीचा शेक बंद झाला आहे. आणि आम्ही दोघी, ज्या इतकी वर्षं भिंतीकडे तोंड करून शेजारी-शेजारी काम करत होतो, आता एकमेकींकडे बघून बोलतो. त्यांच्या माहेरच्या कितीतरी गोष्टी मला या ओट्यापाशी पहिल्यांदा कळल्या.

आता एक विनंती. माझ्या नाशिकच्या नणंदबाई आमचं स्वयंपाकघर बघून गेल्या आणि त्यांनाही अस्साच मधला ओटा हवा आहे. त्यांची खोली ८ फूट रुंद आहे. मी तुमचाच हिशोब करून दाखवला: ९६ इंचांतून ओट्याचे २४ गेले, दोन्हीकडे नुसते ३६-३६ सोडले तरी हातात काहीच उरत नाही. पण भावजयीचं ऐकतील तर त्या नणंदबाई कसल्या! तुम्ही नाशिकला जाल तेव्हा त्यांच्याकडे एकदा डोकावून याल का? ओटा नको असं सांगायचीही फी घ्या, ती मी देईन. आणि टेप बरोबर न्या. पोळ्या त्यांच्याकडेही सासूबाईच करतात.

तुमची कृतज्ञ,
आईंची सून
कोथरूड, पुणे