कितवं पान, कोणती आवृत्ती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेले काही रविवार आपण ‘सध्या काय वाचताय?’ या विषयावरची वाचकांची पत्रं छापत आहात. मी ती एकही चुकवत नाही. मात्र वाचताना दर वेळी हात पेन्सिलीकडे जातो. तीस वर्षं मुद्रितं तपासली, ती खोड आता जायची नाही. परवाच्या नऊ पत्रांत ‘अप्रतिम’ अकरा वेळा आलं, ‘खिळवून ठेवणारं’ चार वेळा. कुणी कुठे अडखळलं, कुठली पानं उलटून पुढे गेलं, कुणाशी वाजलं, याबद्दल अवाक्षर नाही. सगळ्यांनी सगळं आवडीने आणि अथपासून इतिपर्यंत वाचलेलं! माझा नाही विश्वास बसत.

मी सध्या लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचते आहे, तिसऱ्यांदा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी विशीत होते आणि पानोपानी हसले होते. आता साठी उलटल्यावर तीच पानं वाचताना टिळकांचा, म्हणजे त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांचा, असा राग येतो की पुस्तक मिटून ठेवावं लागतं. माणूस न सांगता घरातून निघून जातो, एकदा नाही, कितीदा तरी. 1895 साली धर्मांतर करतो, बायकोला मागे टाकून. आणि ही बाई ते सगळं सांगते कशी, तर शेजारणीशी उंबऱ्यात उभं राहून बोलावं तशी. लग्नानंतर अक्षरं गिरवलेली बाई. तिच्या वाक्यांत काढण्यासारखा शब्द मला सापडत नाही, आणि शब्द काढण्याचाच तर माझा धंदा होता.

माझी एक जुनी मैत्रीणही तेच पुस्तक वाचत होती. तिचं म्हणणं, लक्ष्मीबाई हसून नवऱ्याला पाठीशी घालतात. मी म्हटलं, उलट आहे. त्या हसतात म्हणून तर आपण ऐकून घेतो. रडल्या असत्या तर दोन पानांत ‘बिच्चारी’ म्हणून मोकळे झालो असतो. यावर आमचे तीन फोन झाले, तिसरा तिने मध्येच ठेवला. चौथ्या वेळी मी एका प्रसंगाचा हवाला दिला, तर ती म्हणाली, “असलं काही नाहीच त्यात.” मी म्हटलं, आहे. ती म्हणाली, नाही. शेवटी दोघी आपापलं पुस्तक मांडीवर घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. तिच्याकडची प्रत संक्षिप्त आवृत्तीची! मुखपृष्ठामागच्या पानावर तसं स्वच्छ छापलेलं होतं, पण ते पान वाचतो कोण? (मी वाचते. मुद्रक, आवृत्ती, पुनर्मुद्रण, सगळं.) आठवडाभर आम्ही दोन वेगळ्या पुस्तकांवरून भांडत होतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, पत्रलेखकाला आवृत्तीचा उल्लेख करायला सांगा. मजकुराला कात्री लागलेली असेल तर मत बदलतं, निदान बदलू शकतं.

दुसरी गोष्ट माझ्याच चुकीची. माझा भाचा भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ वाचत होता. चाळिसाव्या पानाच्या आसपास तो कंटाळला. “मावशी, हा पांडुरंग सांगवीकर नुसता वगैरे वगैरे करतो, होत काहीच नाही.” त्याला दोष देत नाही. मी स्वतः पहिल्या वाचनात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ दिसले की समासात पेन्सिलीची खूण करत होते. पुढे पुढे खुणा विरळ झाल्या आणि मग थांबल्याच, कारण तोवर ते शब्द माझ्याच डोक्यात वाजायला लागले होते. 1963 सालच्या त्या कादंबरीतले ‘वगैरे’ मी नेमाने उडवले असते तर मागे काय उरलं असतं, या विचाराने अजून कानकोंडं व्हायला होतं. पण भाच्याला हे समजावून सांगायचं सोडून मी म्हणून गेले, “अरे, मणी जाते तिथपर्यंत तरी वाच.” मणी म्हणजे पांडुरंगची धाकटी बहीण.

त्याने वाचलं. नंतर चार दिवस काही बोलला नाही आणि मग मला चांगलं सुनावलं. म्हणाला, “त्या पोरीचं नाव आलं की मी पुढे काय होणार ते मोजत बसलो. तू मला पुस्तक दिलं नाहीस, त्यातलं एक मरण दिलंस.” मी काय बोलणार? खरंच होतं ते. एखादं पुस्तक कुणी वाचावं म्हणून आपण त्यातला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग पुढे करतो, आणि नेमका तोच त्याच्यासाठी बोथट होतो. आपल्याकडच्या पत्रांतही हे चालतं. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी एका रहस्यकथेतला खुनी तिसऱ्याच ओळीत सांगून टाकला होता. तेवढी ओळ तरी गाळायची!

तेव्हा दुसरी विनंती अशी की, पुस्तक अर्ध्यात असलेल्यांची पत्रंही छापा. शेवट त्यांनाच ठाऊक नसतो, त्यामुळे फोडण्याची भीती नाही. मतं कच्ची असतील, पुढच्या आठवड्यात फिरतीलही. फिरू देत. ज्यांनी पुस्तक सोडून दिलं त्यांनी कुठल्या पानावर सोडलं, हेही कळू द्या. आणि एखाद्याच्या मताला कुणी उलट उत्तर धाडलं तर ते जागेअभावी टाकू नका, त्याऐवजी दोन ‘अप्रतिम’ कमी करा.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी आता चौथ्या भागाच्या तोंडाशी आहे. तो पुरा करायला लक्ष्मीबाई राहिल्या नाहीत, त्यांचे चिरंजीव देवदत्त टिळकांनी तो पूर्ण केला. आईची लेखणी थांबून मुलाची कुठे सुरू होते ते नुसत्या वाक्यांवरून ओळखता येतं का, हे या खेपेला पाहायचं आहे. मैत्रिणीने संपूर्ण प्रत मिळवली आहे. ती माझ्या दोनशे पानं मागे आहे आणि तिथवर पोचेपर्यंत मी फोन करायचा नाही, असं तिने बजावलं आहे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव छापू नये ही विनंती.)