गोळी विकली नाहीत म्हणून

मेडिकलवाले काका,
सप्रेम नमस्कार.

दुकानात उभं राहून आभार मानायला गेले, तर तुम्ही चष्म्यावरून बघून "बोला, काय देऊ?" एवढंच म्हणाल. म्हणून हे जाहीर पत्र. फेब्रुवारीत भुरीच्या औषधासाठी मी दोनदा तुमच्याकडं आले आणि दोन्ही वेळा तुम्ही मला औषध न देता परत पाठवलंत. पहिल्या वेळी घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात तुम्हाला बरंच काही बोलले होते. तेवढं पोटात घाला.

भुरी आमची राखाडी मांजर, दोन वर्षांची. संक्रांत झाली आणि तिच्या गोधडीवर तीळ दिसायला लागले. मी पोरीला रागावले, गोधडीवर बसून लाडू खाऊ नकोस म्हणून. ती म्हणे, मी खाल्लेच नाहीत. झटकून टाकले की दोन दिवसांनी परत तीळ. मग एका सकाळी भुरी शेपूट ताठ करून, माझ्या तोंडाकडं पाठ करून उभी राहिली (मांजरं हा मान आवडत्या माणसालाच देतात म्हणे) आणि शेपटीखाली भाताचं शीत चिकटलेलं दिसलं. कागदानं पुसायला गेले, तर ते शीत लांब झालं. मग आखडलं. मग परत लांब होऊन जरासं पुढं सरकलं. गोधडीवरचे तीळ म्हणजे हीच शितं, वाळलेली. त्या दिवशी मला नाश्ता गेला नाही.

नेमकी त्याच आठवड्यात 10 फेब्रुवारी आली. राष्ट्रीय जंतनाशक दिन. पोरीला शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चघळायला दिली, 400 मिलिग्रॅमची. माझा हिशोब तयार: पोरीला एक, तर मांजरीला पाव.

तुम्ही गोळी काढायच्या आधी विचारलंत, "वजन किती?" मला माहीत नव्हतं. "किडे शेवयांसारखे का शितांसारखे?" शितांसारखे. "अंगावर पिसवा आहेत?" याचा मला राग आला. म्हटलं, आमची मांजर घराबाहेर पडत नाही. त्यावर तुम्ही म्हणालात, "पिसू काय बेल वाजवून येते?" मागं उभ्या असलेल्या बाई हसल्या. मग म्हणालात, "माणसाची गोळी मी मांजराला देणार नाही. गुरांच्या दवाखान्यात जा." आणि गोळ्यांची एक रिकामी डबी पुढं सरकवलीत. शीत सापडलं की यात टाका, वर दोन थेंब पाणी घाला, वाळू देऊ नका.

ती डबीच कामाला आली. कारण जानेवारीत एका ठिकाणी भुरीची शी तपासून घेतली होती आणि "काही नाही" असा निकाल आला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डबी उजेडात धरली आणि क्षणात म्हणाले, पट्टकृमी, म्हणजे पट्टीसारखा चपटा जंत. याची अंडी त्याच्या अंगाच्या शितासारख्या तुकड्यांत भरलेली असतात आणि तुकडे सुटतात ते त्यांच्या मर्जीनं. त्यामुळं एखाद्या दिवसाच्या शीमध्ये एकही अंडं सापडत नाही. मग त्यांनी बारीक दातांची फणी भुरीच्या पाठीवरून फिरवली आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले. कणांभोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची विष्ठा ती, पचलेलं रक्त. जमिनीवर पडलेली कृमीची अंडी पिसवांच्या अळ्या खातात, कृमी पिसवेच्या पोटात वाढतो आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळते. म्हणजे बेल न वाजवता आलेली पिसूच निघाली, काका.

तुमची ती गोळी या कृमीवर भरवशाची नाहीच, शिवाय मांजराच्या अस्थिमज्जेला तिच्यामुळं इजा होऊ शकते, हेही तिथंच कळलं. भुरी भरली 3 किलो 100 ग्रॅम. त्या वजनाला बसेल अशी प्राझिक्वांटेल आणि पायरँटेलची जोडगोळी दिली.

गोळी देण्याचं पुराण थोडक्यात सांगते. बांगड्यात लपवली, तिनं बांगडा खाल्ला आणि गोळी ताटलीत ठेवली. टॉवेलात गुंडाळून तोंडात घातली तर ती चावली गेली आणि भुरीच्या तोंडाला फेस आला. पोरगी रडायला लागली. कडू लागलं की लाळ गळते, घाबरू नका, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून निभावलं. दुसरी गोळी जिभेच्या पार मुळाशी ठेवून तोंड मिटलं, गळा चोळला, तेव्हा गेली.

पण नुसत्या गोळीनं भागत नाही. तिचा असर मागं उरत नाही. पिसवा राहिल्या तर तीनेक आठवड्यांत पुन्हा शितं. म्हणून मी दुसऱ्यांदा तुमच्याकडं आले, पिसवांच्या थेंबांसाठी. तुमच्याकडं कुत्र्याचे होते. मी म्हटलं, चालतील, निम्मे टाकते. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचलीत, "परमेथ्रिन" म्हणालात आणि खोकं परत फळीवर ठेवलंत. मांजराचं यकृत परमेथ्रिन मोडू शकत नाही, झटके येतात, जीवही जातो, हे मी नंतर डॉक्टरांकडून ऐकलं. ऐकताना भुरी माझ्या मांडीवर होती. शेवटी मांजराचे फिप्रोनिलचे थेंब त्यांनीच दिले. मानेवरचे केस बाजूला करून कातडीवर टाकायचे, म्हणजे तिला चाटता येत नाहीत. गोधडी, पडदे, सोफ्याच्या उश्यांचे अभ्रे, सगळं गरम पाण्यातून काढलं. सोफ्याखाली रोज झाडू जातो, कारण पिसवांची अंडी आणि कोष मांजरापेक्षा घरातच जास्त असतात.

तुम्ही शेवया का विचारलं होतंत, तेही आता कळलंय. ते गोलकृमी. पिलांना आईच्या दुधातूनही होतात आणि माणसालाही त्रास देऊ शकतात. त्यांची अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगी व्हायला दोनेक आठवडे तरी घेतात, म्हणून शीची पेटी रोजच्या रोज साफ. हे काम पोरीच्या बाबांकडं दिलंय.

एप्रिल उजाडला, गोधडीवर तीळ नाहीत. कॅलेंडरवर दर तीन महिन्यांनी गोल केलाय, वजन करून डोस घ्यायला. तुमची डबी उकळत्या पाण्यातून काढून, पुसून कपाटावर ठेवली आहे. परत आणून दिली तर तुम्ही घ्याल असं वाटत नाही.

आपली,
भुरीची आई, सातारा