शाळांच्या यशाच्या बातम्या: स्तर, वर्ष आणि आकडे पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की पुढचे दोन महिने शहर पुरवणीत शाळांच्या गुणगौरवाच्या बातम्यांची रांग लागते. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून जेल रोडपर्यंत फ्लेक्स लागतात ते वेगळेच. या बातम्या छापू नका, असे कुणी म्हणणार नाही. ज्या घरातले पोर पहिल्यांदाच दहावी होते, त्या घरात ते कात्रण वर्षानुवर्षे जपले जाते. तक्रार आहे ती मजकुराची. परीक्षा कुणी घेतली, स्तर कोणता, किती जण बसले, वर्ष कोणते, यातले निम्मे गायब असते. शाळेने पाठवलेले टिपण जसेच्या तसे छापले जाते आणि पुढे तीच बातमी शाळेच्या अहवालात पुरावा म्हणून चिकटवली जाते.

सुरुवात निकालापासूनच करू. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’ या मथळ्याखाली विद्यार्थ्यांची संख्या क्वचितच असते. मंडळाच्या निकालपत्रकात नोंदणी, प्रविष्ट (परीक्षेला बसलेले) आणि उत्तीर्ण असे तीन आकडे असतात आणि टक्केवारी प्रविष्टांवर निघते. बारा मुलांची शाळा आणि तीनशे मुलांची शाळा या दोघींचा शंभर टक्के निकाल एकाच मापाने मोजता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले होती हा चौथा आकडा शेजारी ठेवून पाहावा. आठवीत 96 आणि दहावीला 71 असतील, तर मधली 25 कुठे गेली हे विचारायला हवे. काही पालकांची बदली झालेली असते, काही मुले दुसऱ्या शाळेत गेलेली असतात. पण नववीत कच्च्या असलेल्या मुलांना दाखला देऊन 17 नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) अर्ज भरायला लावण्याची युक्ती शिक्षण क्षेत्रात कुणाला ठाऊक नाही? निकाल चकचकीत ठेवण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

‘विक्रमी निकाल’ हा शब्दही जपून वापरावा. 2025 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 94.10 टक्के आणि नाशिक विभागाचा 93.04 टक्के होता. ज्या वर्षी सरासरीच एवढी असते, त्या वर्षी 95 टक्के निकाल चांगला म्हणावा, विक्रमी नव्हे. शाळेची गुणवत्ता पाहायची तर 75 टक्क्यांच्या वर म्हणजे विशेष प्रावीण्यात किती, प्रथम श्रेणीत किती आणि नुसते 35 च्या काठावर किती, ही विभागणी छापा. ती मंडळाच्या पत्रकात तयार असते, वेगळी काढावी लागत नाही.

टक्केवारीबद्दल आणखी एक. दहावीची टक्केवारी सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांवर, म्हणजे 500 गुणांवर निघते आणि तीत कला-क्रीडेचे अतिरिक्त गुण मिसळलेले असतात. 2025 ला राज्यात 211 विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्या टक्क्यांतही हे गुण धरलेले आहेत. यात गैर काहीच नाही, गुण मुलांनी कमावलेलेच असतात. फक्त ‘अतिरिक्त गुणांसह’ हे दोन शब्द कंसात लिहावेत, म्हणजे दोन शाळांच्या पहिल्या क्रमांकांची तुलना करताना घोळ होणार नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला अ श्रेणीला 7, ब ला 5 आणि क ला 3 गुण मिळतात. हे गुण हुकतात ते बहुधा मुलामुळे नव्हे. प्रमाणपत्रावर ‘सोनाली’ आणि मंडळाच्या नोंदणीत ‘सोनल’ असते, किंवा शाळेचा प्रस्ताव मुदतीनंतर जातो. क्रीडेचा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांमार्फत फिरून मंडळात पोचतो, त्यामुळे तिथे आणखी एक टप्पा अडतो.

‘नाशिक विभागात पहिली’ हे वाक्य तर कायमचे बंद करावे. मंडळाने गुणवत्ता यादी लावणे केव्हाच थांबवले आहे, तेव्हा विभागात पहिले कोण हे कोणत्याही शाळेला कळण्याचा मार्ग नाही. शिवाय विभाग कोणता? मंडळाच्या नाशिक विभागात नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबार हे चार जिल्हे येतात. महसुली विभागात अहिल्यानगर धरून पाच. अहिल्यानगरची मुले दहावीला पुणे विभागीय मंडळातून बसतात.

हाच गोंधळ मैदानावर जास्त आहे. शालेय क्रीडा स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट असतात आणि महापालिका क्षेत्र हे जिल्ह्याच्या बरोबरीचे स्वतंत्र एकक धरतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यात नाशिक महापालिका, मालेगाव महापालिका आणि उरलेला ग्रामीण भाग अशा तीन वेगळ्या स्पर्धा होतात. पंचवटीतल्या शाळेचा कबड्डी संघ मनपा स्तरावर जिंकला की बातमी येते ‘जिल्ह्यात अजिंक्य’. तो संघ निफाड किंवा सिन्नरच्या संघासमोर अजून उतरलेलाच नसतो. ती गाठ विभागीय स्पर्धेत पडते. ‘विभागीय स्पर्धेसाठी निवड’ हे छापता छापता ‘विभागात प्रथम’ झालेलेही आढळते. यावर उपाय सोपा आहे: खेळ, वयोगट, मुले की मुली, स्तर, स्थान आणि आयोजक, हे सहा तपशील एका ओळीत बसतात. ‘14 वर्षांखालील मुली, खो-खो, मनपा स्तर, प्रथम, क्रीडा व युवक सेवा संचालनालय’ एवढे लिहिले की कुणाला शंका उरत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेचे वेगळेच. ती महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. प्रत्येकी 150 गुणांचे दोन पेपर असतात. प्रत्येक पेपरात 40 टक्के मिळवणारा ‘पात्र’ ठरतो. शिष्यवृत्ती मात्र गुणवत्ता यादीत येणाऱ्यालाच मिळते आणि ती यादी पात्र मुलांच्या मानाने फारच लहान असते. तरीही ‘आमचे 42 शिष्यवृत्तीधारक’ असा फलक सर्रास लागतो. त्यातले पात्र किती आणि यादीतले किती, हे परिषदेच्या संकेतस्थळावर शाळेच्या लॉगिनमध्ये दिसते. ही परीक्षा 2016-17 पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला आली आणि ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला, तेव्हा जुन्या फलकांशी तुलना करताना इयत्ताही लिहावी लागते. नमुन्यादाखल (आकडे काल्पनिक): ‘इयत्ता आठवी, प्रविष्ट 62, पात्र 31, जिल्हा गुणवत्ता यादी शहरी विभागात 4.’ बातमी छोटी होते, पण खरी होते.

या सगळ्यात ज्या यशाकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते म्हणजे एनएमएमएस, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ती आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे एकूण 48,000. महाराष्ट्राचा कोटा 11,682 जागांचा. नाशिकच्या मजूर वस्तीतल्या मुलाला ही रक्कम बारावीपर्यंत शिकवू शकते. शाळा मात्र आठवीत निवड झाली त्या दिवशी सत्कार करते आणि विषय संपतो. खरे काम तिथून पुढे असते. नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नवा अर्ज, मग दरवर्षी नूतनीकरण. अर्जाची पडताळणी आधी शाळा करते, मग जिल्हा. आधारवरचे नाव अर्जातल्या नावाशी जुळले नाही, बँक खाते आधारशी जोडलेले नसले, की पैसे अडकतात. दहावीत 60 टक्क्यांची अट असते (अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के सवलत). सगळ्यांत जास्त मुले गळतात ती अकरावीत, कारण मूल नव्या महाविद्यालयात जाते आणि तिथे नूतनीकरणाचा अर्ज पडताळायचा असतो हे संबंधित लिपिकाच्या गावीही नसते. म्हणून बातमीत विचारायचा प्रश्न एकच: चार वर्षांपूर्वी निवडलेल्यांपैकी किती जणांना पूर्ण 48,000 मिळाले? हा आकडा जी शाळा सांगू शकेल, तिचा फोटो पहिल्या पानावर छापला तरी चालेल.

विज्ञानाच्या परीक्षांत नावांचा घोटाळा होतो. एनटीएस (राष्ट्रीय प्रज्ञाशोध) परीक्षा 2021 पासून थांबली आहे, तरी काही माहितीपत्रकांत ‘एनटीएस मार्गदर्शन’ अजून दिमाखात आहे. इन्स्पायर मानक योजनेत शाळेने मुलांच्या कल्पना ऑनलाइन पाठवायच्या असतात. कल्पना निवडली गेली की प्रतिकृती करण्यासाठी 10,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात येतात. ही झाली पहिली पायरी. पुढे जिल्हा, राज्य आणि मग राष्ट्रीय प्रदर्शन. पहिल्याच पायरीवर ‘राष्ट्रीय पुरस्कार’ छापून मोकळे होऊ नये. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते. तीत लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक, प्रकल्प आणि मुलाखत असे टप्पे येतात, तेव्हा मूल कुठल्या टप्प्यापर्यंत गेले ते लिहावे. खासगी ऑलिम्पियाडवाल्यांपैकी काही जण तर वर्गात पहिल्या आलेल्यालाही सुवर्णपदक देतात. पदक मुलाला द्या, त्याला आनंद होतो. बातमीत मात्र ‘शाळास्तर’ असे स्पष्ट लिहा. आणि शुल्क भरून केलेली सहल म्हणजे ‘नासासाठी निवड’ नव्हे, हे सांगायची वेळ येऊ नये.

शिक्षकांच्या पुरस्कारांना हाच नियम लावावा. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार 5 सप्टेंबरला दिल्लीत मिळतो. राज्याचा पुरस्कार क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले राज्य शिक्षक गुणगौरव या नावाने आहे. याखेरीज ‘राज्यस्तरीय आदर्श शिक्षक’ पुरस्कार वाटणाऱ्या मंडळांना गणती नाही आणि त्यांतल्या काहींचे निमंत्रण नोंदणी शुल्काच्या पावतीसकट येते. पुरस्कार देणाऱ्या संस्थेचे नाव आणि शुल्क घेतले की नाही, एवढे दोन तपशील मागितले तरी बरीच टिपणे शाळेकडे परत जातील.

दुसरीकडे खरी कामगिरी नजरेआड होते. विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थी आणि शिक्षकांबरोबर प्रयोगशाळा सहायक व परिचरांच्या शैक्षणिक साहित्याचा स्वतंत्र गट असतो. त्यातल्या विजेत्याचे नाव बातमीत शेवटी ‘आणि इतर’मध्ये जाते. दहावीचे अर्ज भरताना मंडळाची प्री-लिस्ट (भरलेली माहिती तपासण्यासाठीची यादी) आली की प्रत्येक मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख आणि विषय रजिस्टराशी ताडून पाहणारा लिपिक शाळेत असतो. त्याने चूक पकडली नाही तर ती गुणपत्रिकेवर उतरते आणि मग दुरुस्तीसाठी पालक विभागीय मंडळाच्या खेपा घालत बसतो. एकाही नावाची दुरुस्ती निघाली नाही असे वर्ष गेले, तर त्या लिपिकाचा सत्कार स्नेहसंमेलनात व्हायला काय हरकत आहे?

माजी विद्यार्थ्यांबाबत दावा करण्याआधी जनरल रजिस्टर (शाळेतल्या प्रवेशांची कायम नोंदवही) उघडावे. कुसुमाग्रज शिकले ते न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, म्हणजे आजच्या रुंगटा हायस्कूलमध्ये. त्यांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन झाले. शाळेचे नाव बदललेले, माणसाचेही बदललेले, मग नुसत्या प्रसिद्ध नावावर शोधून नोंद कशी सापडणार? विद्यार्थिनींचे तर माहेरचे नाव माहीत असल्याशिवाय काहीच हाती लागत नाही. रजिस्टर क्रमांक, प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची तारीख, सोडतानाची इयत्ता, या चार गोष्टी मिळाल्या की ‘आमचा विद्यार्थी’ म्हणावे आणि ‘पाचवी ते सातवी’ असेल तर तसेच लिहावे. एकाच अधिकाऱ्यावर दोन शाळा हक्क सांगतात तेव्हा बहुधा दोन्ही खऱ्या असतात, एक सातवीपर्यंतची आणि दुसरी पुढची. कामगिरीही नेमकी हवी. सावरपाड्याच्या कविता राऊतबद्दल ‘आंतरराष्ट्रीय धावपटू’ लिहिण्यापेक्षा ‘2010, दिल्ली राष्ट्रकुल, 10,000 मीटर, कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य’ हे वाचून शाळेतल्या मुलीला अंतर तरी कळते.

जुन्या रजिस्टरांना वाळवी आणि ओल खात आहे. पान सपाट ठेवून 300 डीपीआयवर स्कॅन करावे, फाइलला रजिस्टर क्रमांकांचा पल्ला हेच नाव द्यावे आणि एक प्रत शाळेबाहेर ठेवावी. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नये, काही वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडून कागदावर डाग पडतो.

टिपण पाठवणाऱ्या शाळांसाठी थोडे: लेटरहेडचा फोटो पाठवू नका, युनिकोडमध्ये टंकलेला मजकूर पाठवा. छायाचित्र व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दबून छपाईत धुरकट येते. नावे ‘डावीकडून’ क्रमाने आणि प्रमाणपत्रावरच्या लेखनाप्रमाणे. मुलांचे पत्ते, पालकांचे मोबाइल क्रमांक अजिबात देऊ नका आणि फोटोसाठी पालकांची लेखी संमती प्रवेशाच्या वेळीच घेऊन ठेवा.

आपल्याला विनंती अशी, की जूनच्या पहिल्या आठवड्यात एक चौकट छापावी: परीक्षा किंवा स्पर्धा, आयोजक, स्तर, वर्ष, प्रविष्ट संख्या, मिळालेले स्थान, तपासणाऱ्याचे नाव. ज्या टिपणात हे सात रकाने भरलेले नसतील ते परत पाठवावे. शिक्षण विभागाच्या मुख्याध्यापक सभेत हाच कागद वाटता येईल. एका पानाच्या झेरॉक्सचा खर्च आहे.

कळावे,
एक निवृत्त पर्यवेक्षक, पंचवटी, नाशिक