सामायिक यंत्रासोबत तंत्रज्ञही हवा

संपादक महोदय,

ऊतीच्या साधारण दहा मायक्रोमीटर जाडीच्या छेदावर लेसरचा झोत बिंदूबिंदूने फिरवून त्यातील मेद, प्रथिने किंवा औषधाचे रेणू नेमके कोठे पसरले आहेत याचा नकाशा काढणारी इमेजिंग मास स्पेक्ट्रोमेट्री १९९७ मध्ये रिचर्ड कॅप्रिओली आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे जैववैद्यकीय संशोधकांपुढे आली. हे यंत्र इतके महाग आहे की प्रत्येक महाविद्यालयाने ते घ्यावे, अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. त्यामुळे देशभरातील उपकरणांची माहिती देणारे व ती वापरण्याची सोय करणारे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेले ‘आय-स्टेम’ संकेतस्थळ स्वागतार्हच आहे.

परंतु यंत्राची वेळ मिळाली म्हणजे काम झाले, असे नाही. फॉर्मेलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेल्या नमुन्यातील बरेचसे मेद प्रक्रियेतच धुऊन जातात. म्हणून ऊती शस्त्रक्रियेनंतर तातडीने गोठवावी लागते, उणे ऐंशी अंशांवर ठेवावी लागते आणि कोरड्या बर्फात प्रवास करून प्रयोगशाळेत पोचावी लागते. छेद घेणे आणि त्यावर मॅट्रिक्सचा, म्हणजे लेसरची ऊर्जा शोषून रेणू सुटे होण्यास मदत करणाऱ्या रसायनाचा, एकसारखा थर फवारणे (हे पाहायला सोपे, करायला अवघड) यांत हात बसलेला माणूस लागतो.

अशा तंत्रज्ञांची पदे कंत्राटी ठेवल्यास शिकलेला माणूस निघून जातो आणि यंत्र झाकून ठेवावे लागते. अनुदान मंजूर करतानाच कायम तंत्रज्ञाचे वेतन, देखभालीचा करार आणि नमुना वाहतुकीचा खर्च त्यात धरावा, ही विनंती.

आपला,
एक जीवरसायन संशोधक, पुणे